पहिलं यंत्र कंटाळवाणं असावं

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात पहिल्यांदा शिरलेला सिगारेट ओढणारा लांबूनच ओळखू येतो. काउंटरवरच्या साध्या, बोटभर लांबीच्या वस्तूंकडे तो बघतही नाही. त्याची नजर जाते काचेच्या कपाटातल्या जाडजूड डब्याकडे. त्याच्यावर छोटी स्क्रीन असते, वॉट कमीजास्त करायची बटणं असतात, वर काचेची टाकी असते. वीस-वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाला काहीतरी दणकटच लागणार, असा त्याचा हिशेब. दुकानदार तो हिशेब खोडून काढत नाही. कशाला काढेल?

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये एका फार्मसीत काम करते. सिगारेट सोडायला आलेल्या माणसाला आतल्या छोट्या खोलीत बसवायचं, त्याचं ऐकून घ्यायचं आणि त्याला झेपेल असा मार्ग सुचवायचा, हाही माझ्या कामाचा भाग. या गावाला त्या बाबतीत थोडा इतिहास आहे. ई-सिगारेट घेऊन येणाऱ्यांना सरकारी व्यसनमुक्ती सेवेने बाहेरची वाट दाखवायची, असा इथे एकेकाळी रिवाज होता. लेस्टरच्या सेवेने २०१४ मध्ये तो मोडला आणि ‘या, तुमचं यंत्र घेऊनच या’ असं म्हणायला सुरुवात केली. आज इंग्लंडमध्ये हे सर्रास चालतं. २०२३ मध्ये तर सरकारनेच दहा लाख धूम्रपींना फुकट व्हेप किट द्यायची योजना जाहीर केली.

भारतात वाचणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. तिथे सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे पुढचं सगळं ब्रिटनमधल्या आपल्या माणसांसाठी, आणि तेही जे आज सिगारेट ओढतात त्यांच्यासाठीच. जो ओढत नाही त्याने या भानगडीत पडायचं काहीच कारण नाही.

तर माझा धाकटा दीर. नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला आला, दिवसाला पंधरा सिगारेटी. इंजिनिअरिंगला असताना लागलेली सवय. सासूबाईंना ठाऊक नाही असं तो समजतो, आणि तो असं समजतो हे सासूबाईंना ठाऊक आहे. इथे वीसच्या पाकिटाला १५ पौंडांच्या वर पडतात म्हटल्यावर त्याचे डोळे उघडले. एका रविवारी त्याचा फोन आला.

‘वहिनी, मोठं मशीन घेतलं. सत्तर पौंड गेले. घरभर नुसते ढग. पण जेवण झालं की सिगारेट लागतेच हो.’

‘भावोजी, लिक्विडच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा बघू.’

‘स्ट्रॉबेरी.’

‘आकडा वाचा, आकडा.’

‘तीन.’

तिथेच सगळं कळलं. तीन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम निकोटीन. त्या अजस्र यंत्राला ते बरोबरच आहे, कारण ते एका दमात भसाभस वाफ काढतं. पण ती वाफ थेट छातीत ओढायची असते, आणि सिगारेट ओढणाऱ्याला ती सवय नसते. तो धूर आधी तोंडात घेतो, मग आत. जन्मभराच्या सवयीने त्या मोठ्या यंत्राचाही तो छोटा झुरका मारतो. ठसका लागतो, निकोटीन मात्र पोहोचत नाही. खोलीत स्ट्रॉबेरीचा वास, आणि माणूस बाल्कनीत सिगारेट पेटवतोय. असं चित्र मी किती घरांत ऐकलंय.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की लोक ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात धुरातल्या डांबरामुळे (टारमुळे). सगळा खेळ या एका वाक्यात आहे. जळत्या सिगारेटचं टोक झुरक्याच्या वेळी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तंबाखू जळला की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडसकट हजारो रसायनं तयार होतात. व्हेपमध्ये जळत काही नाही, द्रव तापून त्याची वाफ होते. चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आजच्या धाटणीची ई-सिगारेट बनवली, तेव्हा ते स्वतः भरपूर ओढत होते; त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याआधी अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६५ मध्ये अशाच कल्पनेचं पेटंट मिळवलं होतं, पण तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही.

नवख्याने घ्यावं ते छोटं पॉडचं यंत्र. त्यात तीनच गोष्टी असतात: बॅटरी, द्रव भरायचा प्लॅस्टिकचा पॉड आणि पॉडच्या तळाशी तापणारी कॉइल. बटण नसलेलं मिळालं तर उत्तम. ओढलं की आपोआप चालू होतं, सोडलं की बंद. रंगीत स्क्रीन नको, गाणी वाजवणारं तर मुळीच नको (आहेत अशीही, हसू नका). कॉइलचा रोध ओहममध्ये लिहिलेला असतो. ०.८ ते १.२ ओहमच्या दरम्यान असला की झुरका सिगारेटसारखा आवळ बसतो. ०.५ च्या खाली गेलात की ढगांचं राज्य सुरू. इथल्या कायद्याने टाकीत २ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव मावता कामा नये, निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये आणि निकोटीनची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी असता कामा नये. कोपऱ्यावरच्या दुकानात याहून मोठं काही दिसलं, तर ते चोरून आलेलं आहे असं समजावं आणि तिथून साधं दूधही घेऊ नये.

कॉइलकडे जरा जवळून बघू. नवी कॉइल हातात घेतली की धातूच्या नळीच्या कडेला बारीक भोकं दिसतात, आणि त्या भोकांतून डोकावणारा पांढरा कापूस. आत वळवलेली तार किंवा जाळी. कापूस द्रव शोषतो, तार तापते, वाफ होते. नवख्या लोकांच्या निम्म्या तक्रारी इथे जन्माला येतात. कॉइल बसवली, पॉड भरला आणि लगेच ओढला, तर कापूस अजून कोरडाच असतो. निरांजनातली वात तुपात भिजायच्या आत काडी लावली तर ज्योत धरायच्या ऐवजी वातच काळी पडते, तसंच हे. एकदा कापूस करपला की ती चव जात नाही. कॉइल फेकायची आणि नवी घ्यायची. म्हणून कापसावर दोन-चार थेंब सोडायचे, मग पॉड भरायचा, दहा मिनिटं बाजूला ठेवायचा. तोवर चहा करा. भरताना बाजूचा रबरी बुच्चा उघडून बाटलीचं टोक तिरकं धरायचं आणि सावकाश पिळायचं, म्हणजे आतली हवा निघून जायला जागा राहते. मधल्या नळीत द्रव गेला की ओढताना गुडगुड आवाज येतो आणि जिभेवर कडू थेंब पडतो. मग पॉड काढायचा, टिश्यूत गुंडाळून एक झटका द्यायचा. हातावर सांडलं तर लगेच धुवायचं, कारण निकोटीन त्वचेतून आत जातं. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, हे तर सांगायलाच नको. तरी सांगते, कारण फळांचा वास आणि रंगीत लेबल बघून पोरं हात घालतात.

बाटलीवर पीजी आणि व्हीजी अशी दोन नावं असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन. पहिलं पातळ, घशाला झटका देणारं. दुसरं दाट, वाफ वाढवणारं. छोट्या पॉडला निम्मं-निम्मं चालतं. दाट द्रव त्याच्या बारीक भोकांतून पोहोचतच नाही, मग पुन्हा करपलेली चव. शिवाय ‘नायकोटीन सॉल्ट’ असं लिहिलेलं द्रव मिळतं. त्यात निकोटीनला आम्लाची जोड दिलेली असते, म्हणून जास्त ताकदीचं असूनही घशाला ओरखडत नाही. दिवसाला पंधरा-वीस ओढणाऱ्याने १८ किंवा २० ने सुरू करावं. लोक इथे भितात. ‘कमीपासून सुरू करतो’ म्हणतात आणि तेच शहाणपण समजतात. निकोटीन कमी पडलं की माणूस सिगारेटकडेच परततो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की याबाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही. जास्त झालं तर शरीर सांगतं: मळमळ, उचकी, हलकी चक्कर. थांबायचं, पाणी प्यायचं, उतरतं.

ओढायची पद्धतही वेगळी. सिगारेटचा झुरका आखूड आणि जोरदार असतो. पॉड जोरात ओढला तर द्रवच तोंडात येतो. तीन-चार सेकंद, संथ. आणि सिगारेटसारखी दहा-बारा झुरक्यांत मोहीम फत्ते होत नाही. वाफेतलं निकोटीन सहसा सिगारेटइतक्या चटकन मेंदूपर्यंत जात नाही. दोन झुरके, मग थोडा वेळ, मग पुन्हा दोन. पहिल्या आठवड्यात ‘मजा येत नाही’ ही तक्रार ठरलेली. मजा येणार नाहीच. तलफ भागली की काम झालं. चवीचं म्हणाल तर तंबाखूच्या स्वादाचं लिक्विड घेणाऱ्यांचा हमखास विरस होतो, कारण जळण्याची चव त्यात येऊच शकत नाही. माझ्या दिराने ते एकदा घेतलं आणि ‘हे ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय’ म्हणून बाजूला सारलं. मग पुदिना.

आता एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही आणि फार्मसीत सांगावीच लागते. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक एन्झाइम वाढवून ठेवतात. त्यामुळे ओढणाऱ्याचं शरीर कॅफिन भराभर फोडतं. धूर थांबला की ते एन्झाइम काही दिवसांत जागेवर येतं आणि तोच नेहमीचा चार कप चहा-कॉफीचा डोस अंगावर येतो. छातीत धडधड, झोप उडालेली, हात थरथरतायत, आणि माणूस म्हणतो, ‘व्हेप सोसत नाहीये.’ अहो, चहा निम्मा करा. हा परिणाम धुराचा असतो, निकोटीनचा नाही, म्हणून व्हेपवर गेलात तरी हे होणारच. चहाचं एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या किंवा क्लोझापिन, ओलान्झापिनसारख्या मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तातलं औषध सिगारेट थांबल्यावर वाढू शकतं. त्याने सोडण्याआधी डॉक्टरला सांगायलाच हवं. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी औषधांची यादी विचारते ती याचसाठी. लोकांना वाटतं, ही बाई उगाच चौकश्या करतेय.

आमच्या खोलीत एक हातात मावणारं मोजयंत्र असतं. दीर्घ श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखून धरायचा आणि पुठ्ठ्याच्या नळीतून सावकाश सोडायचा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते स्क्रीनवर येतं. दीर पहिल्यांदा आला तेव्हा १९ आकडा आला. मोठं यंत्र कपाटात गेलं, हातात छोटा पॉड आला, सिगारेटी पूर्ण थांबल्या; नंतर फुंकलं तेव्हा २. व्हेपच्या वाफेत कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतोच, त्यामुळे हा आकडा दिवसा-दोन दिवसांत खाली येतो. जो ‘दिवसाला फक्त तीनच ओढतो, बाकी व्हेप’ म्हणतो, त्याचा आकडा मात्र चुगली करतो. अर्धी-अर्धी वाटणी करून फायदा पदरात पडत नाही. सिगारेट संपूर्ण सुटली तरच व्हेपला काही अर्थ.

‘व्हेप ९५ टक्के कमी घातक’ हा आकडा इथे प्रत्येक दुकानाच्या काचेवर असतो. तो २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या अहवालातून लोकांपर्यंत गेला. त्याच्यावर टीकाही झाली, कारण तो तज्ज्ञांच्या अंदाजावर उभा होता. मी तो आकडा वापरत नाही. सिगारेटपेक्षा धोका बराच कमी आहे, बिनधोक मात्र नाही, आणि चाळीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून जगात नाही, एवढं मी सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसं निकामी होऊन लोक दवाखान्यात भरती झाले, काही दगावले, त्याची आठवण लोक काढतात. त्याचा मुख्य संबंध गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी निघाला. इथे कायदेशीर नोंदणी झालेल्या लिक्विडमध्ये ते चालत नाही. पण म्हणूनच अनोळखी माणसाकडून, पबच्या मागच्या गल्लीतून काही घ्यायचं नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. उशीखाली ठेवून चार्ज करू नये, मोबाइलच्या फास्ट चार्जरला जोडू नये, विमानात चेक-इन सामानात टाकू नये. सुटी बॅटरी किल्ल्यांच्या खिशात ठेवली तर शॉर्ट होऊन पँट पेटते. आणि वापरून फेकायचे व्हेप इथे १ जून २०२५ पासून बंद झाले, ते फार बरं झालं. नदीकाठच्या वाटेवर त्या रंगीत कांड्या पडलेल्या असायच्या, प्रत्येकीत एक चांगली लिथियम बॅटरी.

यंत्राचं सगळं सांगून झालं तरी एक अडचण उरते, आणि ती यंत्र बनवणाऱ्यांना सोडवायची नाहीये. सिगारेट संपते. पाच-सहा मिनिटांत थोटूक उरतं, ते चुरडायचं आणि परत कामाला लागायचं. टपरीवर कटिंग आणि सिगारेट घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दिवसाला त्या थोटकांनी कप्पे पाडलेले असतात. व्हेपला थोटूक नाही. ते खिशात असतं, पलंगावर असतं, लॅपटॉपच्या शेजारी असतं, बाथरूममध्येही जातं. दिराने सिगारेट सोडली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला, पण मग जाऊबाईंचा फोन आला, ‘ताई, हे आता पिक्चर बघतानाही तोंडातून ते काढत नाहीत.’ सिगारेटसाठी तो थंडीत खाली उतरायचा. आता उतरायचं कारण नाही. सुरुवातीचे काही आठवडे मी कुणाला अडवत नाही, हवं तेवढं ओढा म्हणते, सिगारेट तर सुटू दे. पण घडी बसली की घराबाहेरच ओढायचं, अंथरुणात नाही, असा नियम करायला लावते. व्यसनमुक्तीच्या पुस्तिकांत हे फारसं लिहिलेलं नसतं. जाऊबाईंनी मात्र ते फ्रिजवर लिहून चिकटवलं.

२०१९ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इंग्लंडमधली एक मोठी चाचणी छापून आली. सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांपैकी अर्ध्यांना पुन्हा भरता येणारं साधं व्हेप किट आणि १८ मिलिग्रॅमच्या लिक्विडची एक बाटली दिली, अर्ध्यांना गम, पॅच वगैरे. वर्षाअखेरीस व्हेपवाल्यांत १८ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्यांत ९.९ टक्के. व्हेपची बाजू घेणारे हा आकडा टाळ्या घेऊन सांगतात. त्याच चाचणीतला दुसरा आकडा ते गिळतात: व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षभरानंतरही व्हेप ओढत होते. मला दोन्ही आकडे मान्य आहेत. १८ टक्के म्हणजे बहुतेकांना जमलं नाही हेही त्यातच आलं. आणि चाचणीत दिलेलं यंत्र साधंच होतं, याकडे मी दिराचं मुद्दाम लक्ष वेधलं.

तो आता २० वरून १० वर आलाय. आकडा एकेक पायरीने उतरवायचा, आणि उतरवल्यावर सिगारेट आठवायला लागली तर बिनदिक्कत पुन्हा एक पायरी चढायचं, असं आमचं ठरलंय.

दिवाळीला तो पुण्याला निघाला तेव्हा विचारायला लागला, ‘एक छोटं पॉड खिशात टाकून नेलं तर कुणाला कळणारे?’ कायदा कळण्या-न कळण्यावर चालत नाही, म्हटलं. पॉड इथेच ठेवायचा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा निकोटीन गम देतात, बाकीच्यांना २. त्याला २ चा दिला, सोबत दंडावर लावायचे पॅच. भारतात गेल्यावर गरज पडली तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट लागते, तीही लिहून दिली. गम च्युइंगम म्हणून चघळत बसायचा नाही, तसं केलं तर सगळं निकोटीन पोटात जातं आणि उचक्या लागतात. दोन-चारदा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून धरायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. इथल्या गोऱ्या गिऱ्हाइकांना हे समजवायला मला पाच मिनिटं लागतात. सांगलीकडच्या माणसाला गालात काय नि कसं धरायचं ते शिकवावं लागत नाही.